आसवे पुसण्याची घाई नको

गाढ शोकात ख्रिस्ती श्रद्धा कशी आधार देते, कुठे कमी पडते आणि डॉक्टरांची गरज केव्हा लागते

तेरवी आटोपली की पाहुणे परततात. ख्रिस्ती घरात तेरवी नसते. दफनविधीनंतर काही संध्याकाळी मंडळी घरी येते, गीते गाते, प्रार्थना करते. पुढे एखाद्या दिवशी स्मरणाची उपासना होते आणि मग तीही ये-जा थांबते. दारव्ह्याच्या बसस्थानकावरून दिग्रस, नेर, कारंजा, यवतमाळकडे जाणाऱ्या गाड्या आप्तांना घेऊन निघून जातात. घरात उरतात दोन-तीन माणसे, एक नवा फोटो आणि रिकामी खाट. खरा शोक अनेकदा त्याच दिवशी सुरू होतो, कारण तोपर्यंत माणसाला रडायलाही सवड मिळालेली नसते.

याच काळात दोन वाक्ये हमखास कानी पडतात. 'देवाची इच्छा, त्यापुढे आपले काय चालणार?' आणि 'तुमच्यासारख्या श्रद्धावान माणसाने इतके खचायचे नसते.' बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण ऐकणाऱ्याच्या मनात दुसराच प्रश्न उभा राहतो : मला रडू आवरत नाही, म्हणजे माझी श्रद्धा कमी पडली का?

शोकावर गेल्या पन्नास-साठ वर्षांत झालेले संशोधन आणि ख्रिस्ती परंपरेतली शोकाची जुनी शिकवण, दोन्हींचे उत्तर सारखेच आहे : नाही. श्रद्धा दुःख बंद करत नाही, ती त्याला जागा देते, सोबत देते आणि पुढे चालायला दिशा देते. मात्र हीच श्रद्धा दुःख दाबून टाकण्यासाठी वापरली, तर तिचा अपाय होऊ शकतो. हा फरक ओळखता येणे आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. आजच्या लेखात उदाहरणे ख्रिस्ती घरांतली असली, तरी इतर धर्मांच्या वाचकांनाही त्यातले बरेच काही आपले वाटेल.

शोक शरीरालाही होतो

शोक म्हणजे केवळ मनाची अवस्था नव्हे. झोप उडते, अन्नाची चव जाते, छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटते, हातातली वस्तू कुठे ठेवली ते आठवत नाही. गेलेल्या माणसाचा आवाज ऐकू आल्याचा किंवा तो दारात उभा असल्याचा भास होतो. पहिल्या काही महिन्यांत असे भास अनेकांना होतात. ते वेड लागल्याचे लक्षण नाही.

हृदयावरचा ताण तर मोजता येतो. ब्रिटनमध्ये १९५७ साली पत्नी गमावलेल्या, ५५ वर्षे आणि त्याहून अधिक वयाच्या ४,४८६ विधुरांचा कॉलिन मरे पार्क्स आणि सहकाऱ्यांनी नऊ वर्षे मागोवा घेतला. पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाण त्याच वयाच्या विवाहित पुरुषांपेक्षा ४० टक्क्यांनी अधिक आढळले. हे निष्कर्ष १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १,९८५ रुग्णांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या २४ तासांत झटक्याचा धोका एरवीच्या सुमारे २१ पट असल्याचे त्यात दिसले. पुढच्या दिवसांत तो हळूहळू उतरत जातो. निरोगी तरुण माणसाचा मुळातला धोकाच फार कमी असल्याने त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. पण घरात आधीपासून हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेह असलेली व्यक्ती असेल, तर तिच्याकडे लक्ष हवे.

'ताकोत्सुबो' नावाचा एक हृदयविकारही आहे. त्याचे वर्णन प्रथम जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये केले. तीव्र धक्क्यानंतर हृदयाचा डावा कप्पा तात्पुरता फुगतो आणि त्याचा आकार ऑक्टोपस पकडायच्या जपानी मडक्यासारखा दिसतो, म्हणून हे नाव. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांमध्ये तो अधिक आढळतो. बहुतेक रुग्णांचे हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होते, पण त्याची लक्षणे झटक्यासारखीच असतात. त्यामुळे 'रडून रडून छाती दुखतेय' असे म्हणून घरी बसू नये. छातीत दुखणे, दम लागणे, घाम सुटणे असे काही झाले तर लगेच दवाखाना गाठावा.

मयताच्या घरी पहिल्या आठवड्यात सर्वांत उपयोगी माणूस कोण? आजोबांची बीपीची गोळी आठवणीने देणारा, मधुमेही काकूंना उपाशी राहू न देणारा, चहाबरोबर पाणीही पुढे करणारा. ही सेवा प्रार्थनेइतकीच मोलाची आहे.

'विसर आता' हा सल्ला मागे पडला

शोकाविषयीच्या आपल्या बऱ्याच कल्पना जुन्या आहेत. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१७ मध्ये मांडले की शोक म्हणजे गेलेल्या माणसात गुंतलेले मन हळूहळू सोडवून घेणे. त्यावरून 'सोडून द्या, विसरा, पुढे चला' हा सल्ला रूढ झाला. १९६९ मध्ये एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार अशा पाच अवस्था सांगितल्या. पण त्या मुळात मृत्यूच्या दारात उभ्या असलेल्या रुग्णांशी झालेल्या संवादांतून सुचलेल्या होत्या. मागे राहिलेल्या प्रत्येकाने त्या पाच पायऱ्या क्रमाने चढाव्यात, असे काही सिद्ध झालेले नाही.

आज दोन कल्पना अधिक मानल्या जातात. पहिली, 'टिकून राहणारे नाते'. डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन यांनी १९९६ मध्ये ती पुस्तकरूपाने मांडली. माणूस गेला तरी नाते संपत नाही, त्याचे रूप बदलते, आणि ते नाते जपत जगणे हा आजार नव्हे. दुसरी कल्पना मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये मांडली. शोकात माणसाचे मन झोक्यासारखे हलते. एका टोकाला आठवणी आणि रडणे असते, दुसऱ्या टोकाला मुलांची फी, बँकेतली कागदपत्रे, शेतातली निंदणी. सकाळी रडणारी बाई दुपारी दुकानात हिशेब नीट करते, तर तिचे दुःख खोटे ठरत नाही. ही ये-जा चालू असणे हेच प्रकृती ठीक असल्याचे लक्षण आहे. झोका एकाच टोकाला अडकला की काळजी करावी.

लक्ष्मीबाईंनी पुढे नेलेली पोथी

या दोन्ही कल्पना शास्त्रज्ञांनी मांडण्याच्या कितीतरी आधी एका मराठी स्त्रीने जगून दाखवल्या होत्या. तिच्या गोष्टीचा एक धागा आपल्या जिल्ह्याशी जोडलेला आहे.

१८९३ मध्ये कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते. डब्यात त्यांची गाठ अर्नेस्ट वॉर्ड या मिशनऱ्याशी पडली. वॉर्ड हे फ्री मेथडिस्ट मिशनचे. याच मिशनने यवतमाळ-दारव्हा परिसरातही काम केले. वॉर्ड यांनी टिळकांच्या हाती बायबल दिले. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि घर दुभंगले. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. नवरा जिवंत असून संसार नाही, असा तो शोक होता. पुढे दोघे एकत्र आले आणि १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशीच्या होत्या. शाळेचे शिक्षण जवळजवळ नाही, लिहायला-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. टिळकांनी येशूच्या जीवनावर 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लिहायला घेतले होते आणि दहा-अकरा अध्यायांवर ते थांबले होते. लक्ष्मीबाईंनी ते पुढे लिहायला घेतले आणि साठाहून अधिक अध्यायांची भर घातली. टिळकांच्या आठवणी लिहिता लिहिता त्यांच्या हातून 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र उतरले. त्याचा पहिला भाग १९३४ मध्ये आला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. मराठी आत्मचरित्रांत या पुस्तकाचे स्थान आजही फार वरचे आहे.

मानसशास्त्र ज्याला टिकून राहणारे नाते म्हणते, ते हेच. नवऱ्याने अर्ध्यावर ठेवलेल्या ओळीपुढे आपली ओळ लिहायची, म्हणजे त्याच्याशी बोलणे चालू ठेवायचे. आणि 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना आठवत असेल, त्यात हसू किती आहे! टिळकांचा विसराळूपणा, त्यांचा तापट स्वभाव, स्वतःची फजिती, सारे त्या मोकळेपणी सांगतात. डॅकर केल्टनर आणि जॉर्ज बोनॅनो यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जोडीदाराच्या मृत्यूनंतर सहा महिन्यांनी लोकांना त्याच्याविषयी बोलते केले होते. बोलताना जे मनापासून हसले, त्यांच्यातला मानसिक त्रास कमी असल्याचे दिसले. गेलेल्या माणसाची गंमत आठवून हसणे हा त्याचा अपमान नाही.

रमाबाईंनी दुःखाचे काय केले

पंडिता रमाबाईंचे उदाहरण याहून कठोर आहे. १८७४ च्या सुमारास दुष्काळात, अन्नाविना फिरत असताना त्यांचे वडील आणि आई गेले. मागोमाग थोरली बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झाले आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीही गेला. मुलगी मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती. आठ वर्षांत माहेर आणि सासर दोन्ही संपले. रमाबाई चोवीस वर्षांच्याही नव्हत्या.

ख्रिस्ती श्रद्धा त्यांच्या आयुष्यात यानंतर आली. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी 'शारदा सदन' सुरू केले. पुढे केडगावच्या 'मुक्ती' मिशनमध्ये दुष्काळात निराधार झालेल्या शेकडो मुलींना आणि स्त्रियांना आसरा दिला. दुष्काळाने स्वतःचे घर हिरावलेल्या बाईने दुष्काळातल्या मुलींसाठी घर उभारले. आपल्या दुःखाला असा अर्थ मिळणे सावरण्याच्या कामी मोठी मदत करते, असे शोकाचे अभ्यासक सांगतात. पण तो अर्थ ज्याचा त्याने, त्याच्या वेळी शोधायचा असतो. 'यात देवाचा काहीतरी हेतू असेल' असे दुसऱ्याने तिसऱ्याच दिवशी सांगून तो सापडत नाही.

रमाबाईंचे दुःख तिथे संपलेही नाही. १९२१ मध्ये मनोरमा, त्यांचे एकुलते एक अपत्य आणि कामातला उजवा हात, चाळिशीत गेली. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आतच, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. शेवटच्या काळातही मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून सोप्या मराठीत बायबल आणण्याचे काम त्यांनी तडीस नेले. श्रद्धेने त्यांच्या वाट्याचे मरण टाळले नाही. उरलेला दिवस कशासाठी जगायचा, एवढे मात्र तिने दिले.

विलापाला शास्त्रातच जागा आहे

'श्रद्धावान माणसाने रडू नये' असे म्हणणाऱ्यांनी बायबलच पुन्हा उघडून पाहावे. स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. त्यांत तक्रार आहे, राग आहे, देवा तू कुठे गेलास असा थेट प्रश्न आहे. 'विलापगीत' नावाचे अख्खे पुस्तक आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या ११ व्या अध्यायात मित्र लाजार याच्या मृत्यूनंतर येशूच्या डोळ्यांत पाणी येते, आणि थोड्या वेळाने तो लाजाराला उठवणार असतो तरीही येते. पौलाने थेस्सलनीका येथील मंडळीला लिहिताना शोक करण्याला मनाई केलेली नाही. शोकात आशा असू द्या, एवढाच त्याचा आशय आहे.

सांत्वनाला जाणाऱ्या प्रत्येकाने ईयोबाची गोष्ट लक्षात ठेवावी. मुले, संपत्ती, आरोग्य सारे गमावलेल्या ईयोबाला भेटायला तिघे मित्र येतात. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात, एक शब्द न बोलता. इथवर त्यांचे सारे बरोबर असते. मग ते बोलू लागतात, ईयोबाच्या दुःखाची कारणे सांगू लागतात आणि त्याच्या जखमेवर मीठ चोळतात. पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो या समजावणाऱ्या मित्रांवर. देवाशी भांडणाऱ्या ईयोबाचे बोलणे मात्र तो योग्य ठरवतो.

आरोग्याच्या भाषेत सांगायचे, तर विलापाची प्रार्थना ही भावना दाबण्याच्या उलट क्रिया आहे. राग, अपराधीपणा, भीती यांना शब्द मिळतात आणि ते ऐकणारे कुणीतरी आहे हा भरवसा मिळतो. एकट्याने पुटपुटलेले दुःख गोल गोल फिरत राहते. कुणाला तरी उद्देशून सांगितलेले दुःख थोडे थोडे पुढे सरकते.

श्रद्धेचा गुण कुठून येतो?

डॅनियल मॅकिंटॉश, रॉक्सेन सिल्व्हर आणि कॅमिल वॉर्टमन यांनी १९९३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. झोपेत अचानक तान्हे बाळ गमावलेले १२४ पालक त्यात होते. उपासनेला नियमित जाणाऱ्या पालकांना माणसांचा आधार अधिक वाटत होता. ज्यांना धर्म महत्त्वाचा वाटत होता, ते बाळाच्या मृत्यूचा अधिक विचार करत होते आणि त्यात काही अर्थ त्यांना सापडत होता. हा आधार आणि हा अर्थ ज्यांना लाभला, त्यांची दीड वर्षानंतरची मनःस्थिती अधिक बरी होती. म्हणजे श्रद्धेची मदत माणसांच्या सोबतीतून आणि अर्थाच्या शोधातून पोहोचते. कुलूप लावून घरात एकट्याने केलेली श्रद्धा आणि रविवारी बाकावर शेजारी बसणाऱ्या माणसासह केलेली श्रद्धा, यांत म्हणूनच फरक पडतो.

दुसरी बाजूही पाहायला हवी. धर्म आणि मानसिक ताण यांचे अभ्यासक केनेथ पार्गामेंट यांनी धार्मिक आधाराचे दोन प्रकार दाखवले. देव माझ्यासोबत आहे, मंडळी माझ्यासोबत आहे, ही भावना सावरायला मदत करते. देवाने मला शिक्षा केली, त्याने मला टाकून दिले, हे सैतानाचे काम, अशा विचारांत मन अडकले तर त्रास वाढतो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ५५ वर्षांवरील ५९६ आजारी व्यक्तींचा दोन वर्षे मागोवा घेतला होता. अशा धार्मिक घालमेलीत असलेल्या रुग्णांमध्ये मृत्यूचा धोका काहीसा अधिक आढळला. तो अभ्यास आजारपणाचा होता, शोकाचा नव्हे, आणि संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झाले असे नाही. तरीही इशारा पुरेसा आहे. देवावर रागावणे वेगळे आणि 'मी शिक्षेलाच पात्र आहे' असे महिनोन्महिने मानत राहणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीबाबत पाळकांशी आणि समुपदेशकाशी, दोघांशीही बोलावे.

आत्महत्येनंतरचे घर

यवतमाळ जिल्ह्यात हा विषय टाळून चालणार नाही. शेतकरी आत्महत्यांनी इथल्या कितीतरी घरांची घडी विस्कटली. अशा घरातला शोक दुहेरी असतो. माणूस गेल्याचे दुःख आणि त्यावर 'मला आधी का कळले नाही' हा टोचणारा प्रश्न. शिवाय लोकांची कुजबुज, कर्जाचा तगादा, पंचनाम्याचे कागद. ख्रिस्ती घरात आणखी एक भीती असते : हे पाप आहे, मग त्याच्या आत्म्याचे काय?

या भीतीवर पाळकांनी स्पष्ट बोलायला हवे. आत्महत्या करणारा माणूस बहुधा असह्य यातनेत असतो आणि अनेकदा मानसिक आजाराने ग्रासलेला असतो. कॅथलिक चर्चने १९९२ च्या आपल्या धर्मशिक्षण ग्रंथात, गंभीर मानसिक त्रासामुळे अशा माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, त्याच्या तारणाविषयी निराश होऊ नये आणि चर्च त्याच्यासाठी प्रार्थना करते, असे नमूद केले आहे. मागे राहिलेल्यांसाठी हा मोठा दिलासा आहे. अशा घरातील व्यक्तींच्या मनात स्वतःही जीव देण्याचे विचार येण्याचा धोका अधिक असतो. म्हणून तिथे भेटी कमी न करता वाढवाव्यात. 'तुझ्या मनात जगणे नको असे येते का?' हे थेट विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उलट, बोलायला वाट मिळते.

मुलांना काय सांगायचे?

ख्रिस्ती लोक मृत्यूला 'प्रभूमध्ये झोपी गेले' असे म्हणतात. मोठ्यांना त्यातला आशय कळतो. चार-पाच वर्षांच्या मुलाला मात्र रात्री झोपायचीच भीती वाटू शकते. 'देवाला आवडला म्हणून त्याने नेले' हे ऐकून दुसरे मूल देवालाच घाबरू लागते. मुलांना साध्या शब्दांत खरे सांगावे : बाबांचे शरीर बंद पडले, ते आता परत येणार नाहीत, यात तुझी काही चूक नाही, आणि तुझी काळजी घ्यायला आम्ही आहोत. मग पुनरुत्थानाच्या आशेविषयी सांगावे. हा क्रम उलटा करू नये. मुले थोडा वेळ रडतात आणि लगेच खेळायला पळतात, त्यावरून त्यांना काही वाटत नाही असे समजू नये. त्यांचा झोका मोठ्यांपेक्षा जलद हलतो, इतकेच.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

बहुतेक लोक औषधाविना, आपल्या माणसांच्या आधाराने सावरतात. पण नैसर्गिक मृत्यूने जवळची व्यक्ती गमावलेल्या प्रौढांपैकी साधारण दहातल्या एकाचा शोक लांबतो आणि आजाराचे रूप घेतो, असे २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाज सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत त्याला स्वतंत्र स्थान आहे. २०२२ पासून अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या यादीतही तो आहे. संघटनेनुसार किमान सहा महिने, तर अमेरिकी यादीनुसार प्रौढांत किमान एक वर्ष उलटले असावे आणि तीव्र ओढ किंवा वेदना जवळजवळ रोज माणसाचे कामकाज अडवत असावी, अशी अट आहे. समाजाची आणि धर्माची शोकाची रीत लक्षात घेऊनच निदान करावे, असेही दोन्ही याद्या सांगतात.

पुढील गोष्टी दिसल्या तर वाट पाहू नये :

- मरावेसे वाटणे, 'मीही त्याच्याकडे जातो' असे वारंवार म्हणणे. इथे महिने मोजत बसू नये, त्याच दिवशी मदत घ्यावी.
- कित्येक आठवडे झोप किंवा जेवण जवळजवळ बंद असणे, वजन झपाट्याने उतरणे.
- दारू किंवा झोपेच्या गोळ्या वाढणे.
- अनेक महिन्यांनंतरही मृत्यू झालाच नाही असे वागणे, किंवा त्याच्या आठवणीची प्रत्येक गोष्ट टाळणे.
- आपण कवडीमोल आहोत, आपल्याला क्षमाच नाही, अशी पक्की धारणा. शोकात आठवणींची लाट येते आणि ओसरते. नैराश्यात असा काळोख सतत राहतो.

यावर उपचार आहेत. कॅथरीन शिअर यांनी शोकासाठी सुमारे १६ भेटींची खास उपचारपद्धती तयार केली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिचा गुण ५१ टक्के रुग्णांना आला. नेहमीच्या एका समुपदेशन पद्धतीने तो २८ टक्क्यांना आला होता. नैराश्य सोबत असेल तर डॉक्टर गोळ्याही देतात. गोळी घेणे म्हणजे देवावरचा विश्वास कमी होणे नव्हे. मोडलेल्या हाडाला प्लास्टर घालताना आपण हा प्रश्न विचारत नाही.

'टेली-मानस' ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री कधीही मोफत बोलता येते, मराठीतही. यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय दारव्ह्याहून फार दूर नाही.

मंडळीने आणि शेजाऱ्यांनी काय करावे?

सांत्वनाला गेलात तर कमी बोला. गेलेल्या माणसाचे नाव घ्या. लोक नाव टाळतात आणि घरच्यांना वाटते, सगळे त्याला विसरले. 'काही लागले तर सांगा' असे म्हणून निघू नका, कारण शोकातला माणूस काही मागत नाही. 'गुरुवारी डबा मी आणतो', 'रेशनच्या कामाला मी सोबत येतो' असे ठरवूनच सांगा. पुरुषांकडेही लक्ष द्या. 'तू खंबीर राहा, बायका-पोरांना सांभाळ' एवढेच त्यांना ऐकू येते आणि त्यांचे रडणे राहून जाते.

पाळकांनी आणि मंडळीच्या वडीलधाऱ्यांनी एक वही ठेवावी. तीत प्रत्येक शोकाकुल घरापुढे चार तारखा लिहाव्यात : चाळिसावा दिवस, गेलेल्याचा वाढदिवस, पहिला नाताळ आणि वर्षश्राद्धाच्या जागी येणारा स्मृतिदिन. दफनाच्या दिवशी शंभर माणसे असतात, या चार दिवशी दोघे असले तरी पुरे. नाताळच्या उपासनेत 'आनंद करा' हा घोष चालू असताना रिकामी खुर्ची घेऊन बसलेल्या घरांसाठीही एक प्रार्थना जाहीरपणे व्हावी.

आणि ज्यांच्या घरात हे घडले आहे, त्यांनी इतकेच करावे : रोज ठरलेल्या वेळी काहीतरी खावे, दिवसातून एकदा उन्हात चालून यावे, आठवड्यातून एकदा कुणाशी तरी त्याच्याविषयी बोलावे. प्रार्थना सुचत नसेल तर दुसऱ्यांना आपल्यासाठी करू द्यावी. कबरेवर जावेसे वाटले तर जावे, कपाट आवरावेसे वाटत नसेल तर ते तसेच राहू द्यावे. त्याला अंतिम मुदत नसते.